बाईचं आत्मचरित्र कसं वाचावं: दुय्यम वागणूक आणि चिवटपणा ओळखताना

बडोदे संस्थानात १९०६ साली सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी १८९३ मध्ये अमरेलीकडे त्याचा प्रयोग झाला होता. मुलाला किंवा मुलीला शाळेत घातलं नाही तर आईबापांना दंड होई. आम्ही बडोद्याची मराठी माणसं हे आजही अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. त्याच कायद्यातला एक तपशील मात्र क्वचित कोणाच्या तोंडून ऐकू येतो. सक्तीचं वय मुलांसाठी सात ते बारा होतं आणि मुलींसाठी सात ते दहा.

मुलींना दोन वर्षं कमी. त्यात कोणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. मुलगी दहाची झाली की लग्नाचं बघायचं, घरकामाला लावायचं, ही तेव्हाची रीत होती आणि कायद्यानं त्या रीतीशी जुळवून घेतलं. पण त्या दोन वर्षांत काय मावतं ते बघा. अक्षरं लावून लावून वाचणारं मूल त्याच वयात पुस्तक हातात घेऊन एकटं कोपऱ्यात बसायला लागतं. मुलाला तिथवर पोचायची मुभा मिळाली. मुलीला अक्षरओळख झाली, आणि तेवढी पुरे, असं तिच्या वतीनं दुसऱ्यांनी ठरवलं.

सेक्सिझम हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. बाई आहे म्हणून मिळणारी दुय्यम वागणूक, एवढाच त्याचा सरळ अर्थ. तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे मारणारा नवरा आणि छळणारी सासू उभी राहते. तीही असतात. पण बाईला एक पायरी खाली ठेवणाऱ्या बहुतेक गोष्टी रागातून येत नाहीत, त्या गृहीत धरण्यातून येतात. कायद्यात आकडे छापलेले असतात म्हणून तिथे फरक दिसला. घरात असे आकडे कोणी लिहून ठेवत नाही. घरातला हिशेब सापडतो तो बायकांनी स्वतः लिहिलेल्या आत्मचरित्रांत, आणि तोही ओळींच्या मधलं वाचलं तरच.

दांडिया बाजारात आमचं एक छोटं वाचन मंडळ आहे. दुपारची कामं आटोपली की कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचं, चहा, शेव-चिवडा आणि पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतली तेव्हा पहिल्याच बैठकीत दोन सूर उमटले. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू म्हणाल्या, "यात विशेष काय गं? आमच्या सासरी थोडंफार असंच होतं. सोसलं, म्हणून तर संसार झाले." त्यावर त्यांच्याच शेजारची, नुकतं लग्न झालेली मुलगी चिडून म्हणाली, "मग या बाई निघून का नाही गेल्या?"

या दोन प्रतिक्रिया मी वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल ऐकत आले आहे. एकीत सोसण्याला मोठेपणा मिळतो, दुसरीत सोसणारीलाच जाब विचारला जातो. दोन्हींमध्ये त्या बाईनं रोजच्या रोज प्रत्यक्षात काय केलं हे बघायचं राहून जातं. ते बघायला शिकणं म्हणजेच हा विषय समजणं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लक्ष्मीबाईंपासूनच सुरुवात करू. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही. लग्न लहानपणीच, कवी नारायण वामन टिळकांशी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली चीजवस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. वाचताना हसू येतं, कारण लक्ष्मीबाई ते सांगतातच तसं. पण मंडळात आम्ही तिथे थांबलो आणि एक साधा प्रश्न विचारला: सोवळं वडिलांचं, मग धुणार कोण? घागरी भरणार कोण, वाळवणार कोण, विटाळ झाला की बोलणी खाणार कोण? एका पुरुषाच्या मनाच्या समाधानासाठी घरातल्या बायकापोरांचे दिवस खर्ची पडत होते. लक्ष्मीबाई याबद्दल भाषण करत नाहीत. त्या फक्त दृश्य दाखवतात. काम कोणाच्या अंगावर पडतं ते मोजायचं आपण.

पुढे लग्न झाल्यावर हाच हिशेब दुसऱ्या रूपात येतो. टिळक प्रतिभावान, उदार मनाचे, मनस्वी. मनात आलं की घर सोडून जाणारे. अशा माणसाला समाज कलंदर म्हणतो आणि त्याचं कौतुक करतो. पण त्याचं कलंदर असणं निभावतं कशावर? मागे चूल पेटती ठेवणारं कोणीतरी असतं म्हणून. लक्ष्मीबाईंना तसं निघून जाता येत नव्हतं. माहेर, बहीण, नातेवाईक, जिथे ठेवतील तिथे राहायचं. टिळकांवर त्यांचं प्रेम होतं, ते पानोपानी दिसतं, आणि म्हणूनच हे पुस्तक वाचायला अवघड आहे. जो माणूस आपल्याला आवडतो त्याच्याकडून होणारा अन्याय नुसत्या दुष्टपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

१८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायकोला विश्वासात घेऊन नाही. बातमी तिला नंतर कळली. एका दिवसात तिची घरातली, नात्यातली, देवळातली जागा हलली. नवरा जिवंत आहे पण जातीबाहेर गेला, आता हिचं काय, ही चर्चा तिच्याभोवती सुरू झाली आणि त्या चर्चेत तिचं मत सगळ्यांत शेवटी विचारलं गेलं. त्या काळात ती मुलाला घेऊन पंढरपुरात बहिणीच्या आधारानं राहिली. दुःखानं आजारी पडली, कविता करू लागली.

आता या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. लक्ष्मीबाई पुढे टिळकांकडे गेल्या, पण लगेच त्यांच्या धर्मात गेल्या नाहीत. आपलं खाणंपिणं, आपलं पाणी वेगळं ठेवून राहिल्या. जातपात माणसानं केलेली आहे की देवानं, याचा त्यांनी आपल्या डोक्यानं विचार केला, आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. तिथे पोचल्या नवऱ्याच्याच ठिकाणी, हे खरं. पण केव्हा पोचायचं आणि कोणत्या वाटेनं, हे त्यांनी नवऱ्याच्या हातून काढून घेतलं होतं. धर्म बदलायला नवऱ्यानं बायकोची वाट पाहिली नव्हती. बायकोनं त्याला पाच वर्षं वाट पाहायला लावली.

चिवटपणा म्हणतात तो हा. मार खाल्ला, उपास काढले, तक्रार केली नाही, याला चिवटपणा म्हणून गौरवायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. कोणी बाई गेली की शोकसभेत वाक्य ठरलेलं, "हसतमुखानं सगळं सोसलं." मला त्या वाक्याचा राग येतो. त्यात जिनं सोसलं तिची स्तुती आहे आणि ज्यांनी सोसायला लावलं त्यांची सुटका आहे. आत्मचरित्र वाचताना सोसलेलं बाजूला ठेवून बघावं की बाईनं स्वतःच्या हातात काय राखलं. कधी तो निर्णयाचा वेळ असतो, कधी लपवलेली वही, कधी एक मैत्रीण, कधी नुसती टिंगल करायची ताकद.

टिंगलीचं म्हणाल तर लक्ष्मीबाईंना तोड नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं बोलतो तसं लिहिलं आणि मराठी गद्यात ते कायमचं राहिलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, वयाची साठी उलटल्यावर. त्या विनोदामुळे कित्येक जण हे पुस्तक गमतीचं म्हणून वाचतात. मला वाटतं विनोदामुळे लक्ष्मीबाईंना एक मोकळीक मिळाली: नवऱ्याचं चुकलं हे त्या सांगू शकल्या, आणि वाचक त्यांच्यावर उखडला नाही. रडून सांगितलं असतं तर 'नवऱ्याची बदनामी' झाली असती. पण याचा दुसरा अर्थही विसरू नये. हसवल्याशिवाय बाईला खरं बोलता येऊ नये, हीसुद्धा एक बंदीच आहे.

रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चं पुस्तक वेगळ्या वळणाचं आहे. इथे नवरा न्यायमूर्ती रानडे, सुधारकांचा अग्रणी. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या, ते एकतीसचे. लग्नानंतर लगेच त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. टोमणे मारायला घरातल्या वडीलधाऱ्या बायका होत्याच: वाचतेस कशाला, सभेला जातेस कशाला. आमच्या मंडळात यावर एकीनं ठामपणे मांडलं, "बघा, बाईच बाईची वैरी." हे वाक्य इतकं सोयीचं आहे की ते आलं की विचार थांबतो. त्या घरातल्या थोरल्या बायकांकडे सत्ता कोणती होती? पैसा नाही, बाहेरचा मान नाही, शिक्षण नाही. सुनांच्या वागण्यावर लक्ष ठेवणं एवढाच त्यांचा अधिकार, आणि सून चुकली तर बोल त्यांनाच. घराची अब्रू बाईच्या वागण्यावर टांगलेली असली की पहारा द्यायला बायकाच बसवल्या जातात. टोमणा बाईच्या तोंडून आला तरी नियम तिनं केलेला नसतो.

आणि दुसरी बाजू: शीक, हाही हुकूमच होता. प्रेमाचा, भल्याचा, पण हुकूम. नवरा म्हणतो इंग्रजी वाच, माजघर म्हणतं वाचू नकोस, आणि दोघांचं ऐकायचं एकाच मुलीनं. एका प्रसंगी रानड्यांनी नाराजी नुसत्या अबोल्यानं दाखवली आणि ती रमाबाईंना किती लागली, हे त्यांनी लिहिलं आहे. सुधारणासुद्धा घरात पुरुषाच्या मर्जीच्या दारानं आत येते, हे इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतं.

हे पुस्तक १९०१ मध्ये, रानड्यांच्या मृत्यूपाशी संपतं. मग थांबून विचार करा: पुस्तक छापलं गेलं तेव्हा रमाबाई पुण्याच्या सेवासदनाचं काम उभं करत होत्या. शेकडो बायकांना स्वतःच्या पायावर उभं करणारी ही बाई स्वतःच्या आठवणी नवऱ्याच्या शेवटच्या दिवशी मिटवते. जे सांगण्यासारखं ते त्यांच्याबरोबर संपलं, असं तिला मनापासून वाटलं असेल. किंवा वाचकांना तेवढंच चालेल हे ती जाणून असेल. दोन्ही शक्यतांत दुय्यमपणा आहेच, आणि तो पुस्तकात कुठेही लिहिलेला नाही. तो पुस्तक जिथे थांबतं त्या जागेवर आहे.

आत्मचरित्रात काय गाळलं हे बघायची सवय मला बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'नं लावली. फलटणला राहणाऱ्या, छोटं दुकान चालवणाऱ्या या बाईनं सामान बांधायच्या रद्दीचे कागद वाचून आपलं वाचन वाढवलं, आणि लिहिलेलं वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं, लिखाण 'स्त्री' मासिकातून आलं, आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. महार समाजाचं जगणं त्यात आहे: उपासमार, सणवार, बाबासाहेबांच्या भाषणांनी झालेली जाग. त्याचबरोबर आपल्याच वस्तीत सुनांचं काय होई तेही त्यांनी झाकलं नाही. सासरहून पळालेल्या पोरीच्या पायात लाकडी खोडा अडकवत, त्या खोड्यानिशी तिनं घरातली कामं करायची, हे वर्णन वाचून आमच्या मंडळात कोणी बराच वेळ बोललं नाही. स्वतःच्या आईला वडिलांनी पिंजऱ्यातल्या पाखरासारखं घरात ठेवलं होतं, हेही त्या लिहितात. बायको घराबाहेर पडत नाही हा त्या वडिलांना प्रतिष्ठेचा भाग वाटे.

इथे एक गुंता सोडवून घ्यायला हवा. लक्ष्मीबाई आणि बेबीताई दोघी बायकाच, पण दोघींच्या वाट्याला आलेलं एक नव्हे. सवर्ण घरातल्या बाईला सोवळ्याच्या नावाखाली घरात बांधलं. दलित बाईला पोटासाठी उन्हातान्हात राबावं लागलं, वरच्या जातीचा विटाळ सांभाळत रस्त्यानं चालावं लागलं, आणि घरी आल्यावर पुन्हा नवऱ्याची सत्ता. शिवाय एका घरातलं सोवळं टिकायचं तर बाहेर कोणाला तरी अस्पृश्य ठरवावं लागतं. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते धुणं आणि बेबीताईंच्या वस्तीचं गावाबाहेर असणं ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. बाईपण सगळ्यांना सारखंच भोगावं लागतं असं म्हटलं की यातलं अर्धं सत्य पुसलं जातं. ऊर्मिला पवारांचं २००३ चं 'आयदान' हा धागा पुढे, शहरात, नोकरीत आणि शिक्षणात नेतं. ते जरूर वाचा.

आता गाळलेल्या गोष्टीकडे येते. बेबीताईंनी स्वतः नवऱ्याचा मार खाल्ला होता. 'जिणं आमुचं'मध्ये ते जवळजवळ येत नाही. पुढे पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांच्याशी बोलताना त्यांनी ते सांगितलं. पुस्तकात का नाही, तर हे दुःख माझ्या एकटीचं नव्हतं, घरोघरच्या बायकांचं तेच होतं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. समाजाची लढाई लिहिताना त्यांनी स्वतःला मागे ठेवलं. काही जण याला मोठेपणा म्हणतील. मला त्यात मोठेपणाही दिसतो आणि किंमतही दिसते, आणि किंमत दिसायला हवी असं मला फार वाटतं.

याची प्रचिती आम्हाला आमच्याच मंडळात आली. त्या निवृत्त काकूंनी नातवंडांसाठी आठवणींची एक वही लिहिली आहे. सुंदर अक्षर, जुन्या बडोद्याचं वर्णन, सुरसागरच्या गणपती विसर्जनाची गर्दी, रावपुऱ्यातली दुकानं. माहेर आहे, बँकेतली पहिली नेमणूक आहे, आणि मग एकदम निवृत्ती. मधली वर्षं कुठे गेली असं विचारल्यावर म्हणाल्या, "ती नको. माणसं अजून हयात आहेत." थोड्या वेळानं स्वतःच बोलल्या की त्या काळात त्यांची नोकरी घरात 'हिचा वेळ जातो' म्हणून ओळखली जाई. पगार संसारात, पण बदली आली तेव्हा बढती सोडायची हे कोणी विचारलंही नाही, ते ठरलेलंच होतं. ज्या काकू पहिल्या दिवशी "यात विशेष काय" म्हणाल्या होत्या, त्याच या. विशेष काही नव्हतं, कारण आजूबाजूच्या प्रत्येकीचं तसंच होतं.

"माणसं हयात आहेत" ही भीती पोकळ नाही. १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा कितीतरी वाचक दुखावले. पु. ल. देशपांडे सगळ्या महाराष्ट्राचे लाडके, आणि त्यांची बायको सांगते की या माणसाच्या सुरळीत चालण्यामागे घरातल्या सगळ्या व्यवहाराचा भार तिनं उचलला, आणि तिला एकटेपण आलं. तिनं स्वतःलाही सोडलेलं नाही. स्वतःच्या हट्टीपणाची, कडवटपणाची चिरफाड त्या पुस्तकात आहे. तरी चर्चा झाली ती 'पुलंबद्दल असं लिहायला नको होतं' याची. पुरुषाच्या आत्मचरित्रात बायको अर्पणपत्रिकेत येते आणि कोणाला काही खटकत नाही. बाईच्या आत्मचरित्राची परीक्षा मात्र नवऱ्याविषयी ती काय बोलली यावर होते. म्हणजे पुस्तकात सांगितलेला दुय्यमपणा पुस्तक वाचणाऱ्यांच्या हातून पुन्हा घडतो. आपण वाचक म्हणून यात सामील असतो, हे मला फार गंभीर वाटतं.

"निघून का नाही गेली" या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर जायला जागा हवी. बडोद्यात १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा. सयाजीरावांच्या पत्नी चिमणाबाई महाराणी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा होत्या. कायदा असला तरी माहेर दार उघडतंच असं नाही, हातात पैसा असतोच असं नाही. पण कायदा, शाळा, वाचनालय, पगार, पाठीशी उभी राहणारी बहीण, छापणारं मासिक, यांतलं काही ना काही प्रत्येक लिहित्या बाईच्या मागे सापडतं. लक्ष्मीबाईंना बहिणीचं घर होतं, बेबीताईंना 'स्त्री'. चिवटपणा हा बाईचा जन्मजात गुण आहे असं समजलं की हे आधार उभे करायची जबाबदारी कोणावरच राहत नाही. ज्यांना असा आधार मिळाला नाही त्याही कणखरच असतील. त्यांचं पुस्तक झालं नाही, इतकंच.

वाचायला सुरुवात कुठून करावी असं मला विचारतात. 'स्मृतिचित्रे'पासून करा, आणि हसत वाचा, फक्त प्रत्येक गमतीच्या प्रसंगात काम कोणी केलं ते मनात टिपत जा. रमाबाईंच्या आठवणी संपल्या की लगेच सेवासदनाविषयी काहीतरी मिळवून वाचा, म्हणजे त्या कुठे थांबल्या ते कळेल. 'जिणं आमुचं' लहान आहे, पण एका बैठकीत उरकू नका. बडोद्यात राहणाऱ्यांनी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जावं. १९१० चं ते ग्रंथालय, काचेच्या फरशीचे मजले असलेलं, आणि मराठी पुस्तकांचा तिथला साठा जुना आहे. लेखिकांची आत्मचरित्रं कुठे आहेत असं तिथे विचारा. आणि जाताना घरातल्या कोणा मोठ्या बाईला बरोबर न्या.